दूरच्या सर्व्हरवरील डेटाबेसला प्रोग्राम जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे मुख्यतः पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेसविषयी आहेत. मायएसक्यूएलच्याच भावकीतल्या मारियाडीबीलाही त्यांतील बहुतेक मुद्दे लागू पडतात. डेटाबेसचा सर्व्हर उबुंटू लिनक्सवर आहे आणि प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर, बहुधा दुसऱ्या गावात, चालतो आहे असे गृहीत धरले आहे. कमांड, फाइली आणि सेटिंग यांची नावे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ रोमन लिपीत लिहावीत.

माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राम व्यवस्थित चालत होता. डेटाबेस सर्व्हरवर हलवल्याबरोबर तो जोडला जात नाही. नेमके काय बदलले?

प्रोग्राम आणि डेटाबेस एकाच यंत्रावर असतात तेव्हा बऱ्याच तपासण्या होतच नाहीत किंवा अगदी सैल असतात. लिनक्सवर मायएसक्यूएलला पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' (म्हणजे हेच यंत्र) दिले, तर जोडणी नेटवर्कवरून न जाता यंत्रावरच्याच एका सॉकेट फाइलमधून होते. डेटाबेस दूर गेला की सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणे, दोन्ही बाजूंच्या फायरवॉलमधून (नको ती वाहतूक अडवणाऱ्या भिंतीतून) पार होणे, सर्व्हरवर डेटाबेसच्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर) कोणी ऐकत असणे, एन्क्रिप्शनची (मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची) बोलणी होणे, 'या पत्त्यावरून या युजरला येऊ द्यावे का' हे डेटाबेसने ठरवणे, पासवर्ड जुळणे आणि शेवटी त्या डेटाबेसवर व टेबलांवर त्या युजरला अधिकार असणे, एवढे टप्पे पार करावे लागतात. 'डेटाबेस जोडला जात नाही' या एका तक्रारीखाली हे सगळे वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवले, तर उरलेले काम सहसा दहा मिनिटांचे असते. ते न ठरवता दिसेल ते सेटिंग बदलत गेले, तर जोडणी होईपर्यंत सर्व्हर नको तितका उघडा पडलेला असतो.

जोडणीसाठी किमान कोणती माहिती हाताशी हवी?

सर्व्हरचे नाव किंवा आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, युजरचे नाव, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनविषयीचे सेटिंग. पोर्ट बदललेला नसेल तर पोस्टग्रेसक्यूएलचा ५४३२, मायएसक्यूएल व मारियाडीबीचा ३३०६, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ आणि ओरॅकलचा १५२१ असतो. शिवाय प्रोग्रामच्या भाषेसाठी योग्य ड्रायव्हर (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारा तयार भाग) लागतो: पायथनमधून पोस्टग्रेसक्यूएलसाठी सायकोपीजी, जावासाठी त्या त्या डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर, इत्यादी.

ही सगळी माहिती एकाच यूआरएलमध्ये लिहिण्याची पद्धत सोयीची आहे, पण पासवर्डमध्ये 'ॲट', 'स्लॅश', 'कोलन' किंवा 'हॅश' यांपैकी एखादे चिन्ह असेल तर यूआरएल भलत्याच ठिकाणी तुटतो आणि ड्रायव्हर पासवर्डचाच उरलेला भाग सर्व्हरचे नाव समजून शोधू लागतो. ती चिन्हे यूआरएलच्या नियमाप्रमाणे टक्क्याच्या चिन्हाने सांकेतिक करून लिहावीत, किंवा यूआरएल टाळून प्रत्येक घटक ड्रायव्हरला स्वतंत्रपणे द्यावा. मी दुसरा मार्ग पसंत करतो.

आलेल्या एररवरून अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे कसे ओळखावे?

सर्वांत आधी हे पाहावे की प्रोग्राम बराच वेळ थांबून मग हार मानतो की क्षणात नकार घेऊन परत येतो. या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो.

बराच वेळ काहीच घडले नाही आणि मग 'टाइम्ड आउट' आले, तर पाठवलेली पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) वाटेत कोणीतरी उत्तर न देता टाकून देत आहे. हे बहुधा फायरवॉलचे काम असते. क्वचित आयपी पत्ताच चुकीचा असतो. अशा वेळी पासवर्ड बदलून पाहण्यात काहीही अर्थ नाही, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी गेलेलीच नसते. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले, तर पाकीट बहुधा यंत्रापर्यंत पोहोचले आहे, पण त्या पत्त्यावर व पोर्टवर कोणी ऐकत नाही. काही फायरवॉलही असा स्पष्ट नकार देतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे. लिनक्सवरून जोडताना मायएसक्यूएलच्या २००३ क्रमांकाच्या एररसोबत कंसात ११० आले तर तो पहिला प्रकार आणि १११ आले तर दुसरा. विंडोजवर हेच अनुक्रमे १००६० आणि १००६१ असे दिसतात. सर्व्हरचे नावच सापडत नाही अशा अर्थाचा एरर असेल, तर नावाचे स्पेलिंग आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) यांपलीकडे काही पाहू नये.

डेटाबेसने स्वतः लिहिलेला नकार आला, तर ती एका अर्थाने चांगली बातमी आहे, कारण नेटवर्कचे सर्व टप्पे पार झालेले आहेत. मायएसक्यूएलचा ११३० म्हणजे या पत्त्यावरून कोणालाच परवानगी नाही. १०४५ म्हणजे युजर, पत्ता आणि पासवर्ड यांचा मेळ बसला नाही. १०४४ म्हणजे ओळख पटली, पण त्या डेटाबेसवर अधिकार नाही. पोस्टग्रेसक्यूएल 'पीजी_एचबीए.कॉन्फ' या, कोणाला कोठून आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या, फाइलमध्ये नोंद नाही असे म्हणाले, तर त्याच वाक्यात तुम्ही कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या युजरने, कोणत्या डेटाबेससाठी आणि एन्क्रिप्शनसह आलात की त्याविना, हे सारे लिहिलेले असते. एररचे हे वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे. अनेक प्रोग्राम हा मूळ मजकूर गिळून 'डेटाबेस एरर' एवढेच दाखवतात. तसे असेल तर प्रोग्रामचा लॉग उघडावा किंवा 'पीएसक्यूएल' अथवा 'मायएसक्यूएल' हा कमांडवर चालणारा क्लायंट त्याच यंत्रावरून चालवून पाहावा. क्लायंट जोडला जात असेल आणि प्रोग्राम जोडला जात नसेल, तर दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' येते. सर्व्हरवर काय तपासावे?

सर्व्हरवर लॉगिन करून 'एसएस' ही कमांड 'एल', 'टी' आणि 'एन' या पर्यायांसह चालवावी. कोणता पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे याची यादी मिळते. यादीत ५४३२ किंवा ३३०६ नसेल तर डेटाबेस चालूच नाही, किंवा वेगळ्या पोर्टवर चालू आहे. पोर्ट दिसतो पण त्याच्या डावीकडे १२७.०.०.१ आहे, असे असेल तर डेटाबेस फक्त स्वतःच्या यंत्रावरून येणाऱ्यांचे ऐकतो आहे.

ही काही बिघाडाची अवस्था नव्हे. मुद्दाम ठेवलेली सावधगिरी आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये 'लिसन_ॲड्रेसेस' या सेटिंगचे मूळ मूल्य 'लोकलहोस्ट' असते आणि उबुंटूच्या पॅकेजमधून आलेल्या मायएसक्यूएलमध्ये 'बाइंड-ॲड्रेस' १२७.०.०.१ वर बांधलेला असतो. तो बदलायचा असेल तर सर्व्हरचा खासगी नेटवर्कवरील पत्ता त्यात लिहावा. 'सर्व पत्ते' असा अर्थ असणारी चांदणी किंवा चार शून्ये शक्यतो लिहू नयेत. दोन्ही डेटाबेसमध्ये हा बदल लागू होण्यासाठी सेवा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. नुसते रीलोड, म्हणजे सेवा चालू ठेवून सेटिंग पुन्हा वाचायला लावणे, पुरत नाही. मात्र खाली दिलेला एसएसएच बोगद्याचा (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या जोडणीतून जाण्याचा) मार्ग वापरणार असाल, तर हे सेटिंग मुळीच बदलण्याची गरज नाही.

पोस्टग्रेसक्यूएलची 'पीजी_एचबीए.कॉन्फ' फाइल बदलली, तरी नकार का मिळतो?

या फाइलमधील ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर व पत्ता यांना लागू पडणारी पहिली ओळ निर्णायक ठरते. त्या ओळीप्रमाणे ओळख पटली नाही तर पुढची ओळ पाहिलीच जात नाही. त्यामुळे वरच एखादी व्यापक ओळ असेल, तर तिच्याखाली काळजीपूर्वक लिहिलेली तुमची ओळ कधीच वाचली जात नाही. नेमक्या ओळी वर आणि व्यापक ओळी खाली, हा क्रम पाळावा.

एका यंत्रासाठी पत्ता लिहिताना शेवटी स्लॅश देऊन ३२ लिहावे, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५/३२. ओळीच्या सुरुवातीला 'होस्ट' ऐवजी 'होस्टएसएसएल' लिहिले, तर ती ओळ फक्त एन्क्रिप्शनसह येणाऱ्यांना लागू होते. दूरच्या जोडणीसाठी हेच असावे. शेवटच्या रकान्यात 'स्क्रॅम-शा-२५६' ही पद्धत लिहावी. ती २०१७ साली आवृत्ती १० मध्ये आली आणि आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड मुळातच त्या रूपात साठवले जातात. काही जण घाईत 'ट्रस्ट' लिहून जोडणी 'चालू करून' घेतात. 'ट्रस्ट' म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणे. नेटवर्कवरून येणाऱ्या कोणत्याही ओळीत हा शब्द असू नये, चाचणीपुरताही नाही, कारण चाचणी संपल्यावर तो काढायचे राहून जाते.

फाइल बदलल्यानंतर रीलोड पुरेसे असते. फाइल नेमकी कोठे आहे हे 'शो एचबीए_फाइल' या क्वेरीने कळते. एका यंत्रावर दोन आवृत्त्या बसवलेल्या असतील तर भलतीच फाइल बदलली जाण्याचा प्रकार बराच आढळतो. आवृत्ती १० पासून 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' या व्ह्यूमध्ये प्रत्येक ओळ कशी वाचली गेली आणि कोणत्या ओळीत चूक आहे, हे पाहता येते.

मायएसक्यूएलमध्ये पासवर्ड नक्की बरोबर आहे, तरीही १०४५ का येतो?

मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसते नाव नव्हे, तर नाव आणि तो ज्या पत्त्यावरून येतो तो पत्ता, अशी जोडी. 'हिशेब' हा युजर लोकलहोस्टवरून आणि 'हिशेब' हा युजर २०३.०.११३.२५ वरून, ही मायएसक्यूएलच्या लेखी दोन स्वतंत्र खाती आहेत. त्यांचे पासवर्ड आणि अधिकार वेगळे असू शकतात. सर्व्हरवर बसून तयार केलेले खाते बहुधा लोकलहोस्टपुरतेच असते. एररमध्ये नावापुढे 'ॲट' चिन्हानंतर जो पत्ता छापलेला असतो, तो सर्व्हरला दिसलेला तुमचा पत्ता असतो. कार्यालयाच्या राउटरमागून जोडत असाल तर तो लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता नसून राउटरचा सार्वजनिक पत्ता असेल. खाते त्याच पत्त्यासाठी तयार करावे.

ड्रायव्हर जुना असेल तर आणखी एक कारण संभवते. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून 'कॅशिंग_शा२_पासवर्ड' ही ओळख पटवण्याची मूळ पद्धत झाली आणि ९.० मधून जुनी 'मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड' पद्धत काढूनच टाकली. यावर उपाय ड्रायव्हर नवा घेणे हाच आहे. सर्व्हरला जुन्या पद्धतीवर आणून ठेवणे म्हणजे अडचण पुढच्या अपग्रेडवर ढकलणे होय.

फायरवॉलमध्ये पोर्ट उघडला, तरी टाइमआउट येते. का?

क्लाउडवरील सर्व्हरला सहसा दोन फायरवॉल असतात: एक सर्व्हरच्या आतला, उबुंटूवर बहुधा 'यूएफडब्ल्यू', आणि दुसरा क्लाउड कंपनीच्या नियंत्रण पानावरचा, ज्याला ॲमेझॉनकडे 'सिक्युरिटी ग्रुप' म्हणतात. दोन्हींत परवानगी लागते. तुमच्या बाजूचा फायरवॉलही विसरू नये. पुष्कळ कॉलेजे आणि कंपन्या आपल्या नेटवर्कमधून ५४३२ किंवा ३३०६ सारख्या पोर्टवर बाहेर जाऊच देत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा जोडून पाहिले की ही शंका फिटते.

उलट दिशेचा एक धोकाही येथेच सांगायला हवा. डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) चालवून त्याचा पोर्ट नेहमीच्या पद्धतीने बाहेर काढला, तर डॉकर स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या 'आयपीटेबल्स' या फायरवॉलमध्ये लिहितो आणि यूएफडब्ल्यूने बंद दाखवलेला पोर्ट प्रत्यक्षात जगासाठी उघडा राहतो. त्यामुळे डॉकरला पोर्ट देताना त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहावे. डॉकरविषयीच आणखी एक: कंटेनरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामला 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनरच, खालचे यंत्र नव्हे.

घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता सारखा बदलतो. मग फायरवॉलमध्ये कोणता पत्ता लिहावा?

कोणताच लिहू नये. भारतातील घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांवर अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तो पत्ता फायरवॉलमध्ये लिहिला तर तुमच्यासोबत अनोळखी माणसांनाही दार उघडते आणि उद्या पत्ता बदलला की तुम्हालाच ते बंद होते. घरून काम करणाऱ्यांनी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारे खासगी नेटवर्क) किंवा एसएसएच बोगदा वापरावा.

मग सगळ्यांसाठीच पोर्ट उघडा ठेवला तर? पासवर्ड तर आहेच.

माझे स्पष्ट मत आहे की डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. पासवर्ड हा शेवटचा टप्पा आहे. त्याच्या आधी डेटाबेसच्या प्रोग्राममध्येच एखादी उणीव असेल, तर पासवर्डची पाळीच येत नाही. जानेवारी २००३ मधील 'स्लॅमर' हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ या पोर्टमधून असाच शिरला. त्या उणिवेवरची दुरुस्ती सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच उपलब्ध झालेली होती. ती न बसवलेले सर्व्हर काही मिनिटांत बाधित झाले. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले, पासवर्ड नसलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवण्यात आली. सर्व आयपी पत्ते क्रमाने तपासणारे प्रोग्राम आज अखंड चालू असतात. पोर्टचा क्रमांक ५४३२ ऐवजी दुसरा केल्याने लॉगमधली गर्दी कमी होते, संरक्षण होत नाही.

ज्या माहितीत ग्राहकांची नावे, फोन क्रमांक, रुग्णांचे अहवाल किंवा कोणाच्या पगाराचे आकडे आहेत, ती माहिती आपली नसून आपल्याकडे सोपवलेली असते. एका दुपारची सोय हे ती उघड्यावर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

एसएसएच बोगदा कसा करतात?

सर्व्हरवर तुम्हाला एसएसएचने लॉगिन करता येत असेल, तर त्याच जोडणीतून डेटाबेसची वाहतूक नेता येते. लॅपटॉपवर 'एसएसएच' कमांडला 'वजा मोठा एल' हा पर्याय देऊन, त्यापुढे कोलनने जोडून तीन गोष्टी लिहाव्यात: लॅपटॉपवरचा एखादा मोकळा पोर्ट, समजा ५४३३, मग लोकलहोस्ट, मग ५४३२. शेवटी नेहमीसारखे सर्व्हरचे लॉगिन. मधला 'लोकलहोस्ट' हा सर्व्हरच्या दृष्टीने वाचला जातो, लॅपटॉपच्या नव्हे, आणि नवख्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. 'वजा मोठा एन' हा पर्यायही दिला तर सर्व्हरवर शेल न उघडता फक्त बोगदा चालू राहतो. आता प्रोग्रामला पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ५४३३ द्यावा.

यात डेटाबेस १२७.०.०.१ वरच ऐकत राहतो, फायरवॉलमध्ये फक्त एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट लागतो, आणि वाटेतील सर्व मजकूर एन्क्रिप्ट होतो. डेटाबेसला जोडणी स्वतःच्याच यंत्रावरून आल्यासारखी दिसते, म्हणून परवानगीही त्याच पत्त्याची लागते. मायएसक्यूएलच्या क्लायंटला येथे 'लोकलहोस्ट' न देता आकडेच द्यावेत. नाहीतर तो बोगदा सोडून लॅपटॉपवरील सॉकेट फाइल शोधत बसतो.

माणसाने बसून केलेल्या कामासाठी बोगदा उत्तम आहे. दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र तो तुटल्यावर आपोआप पुन्हा उभा राहील अशी सोय करावी लागते; त्यापेक्षा प्रोग्राम आणि डेटाबेस क्लाउडच्या एकाच खासगी नेटवर्कमध्ये ठेवणे किंवा दोन यंत्रांमध्ये वायरगार्डसारखा कायमचा व्हीपीएन उभारणे अधिक टिकाऊ ठरते.

बोगदा नसेल तर एन्क्रिप्शनचे कोणते सेटिंग निवडावे?

पोस्टग्रेसक्यूएलच्या क्लायंटमध्ये 'एसएसएलमोड'चे मूळ मूल्य 'प्रिफर' असते. याचा अर्थ एन्क्रिप्शन जमले तर करा, नाही जमले तर उघडे बोला. दूरच्या जोडणीसाठी हे अपुरे आहे. 'रिक्वायर' लिहिल्यास एन्क्रिप्शन सक्तीचे होते, पण समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची खात्री त्यात सहसा होत नाही. वाटेत बसलेला एखादा तोतया सर्व्हरही एन्क्रिप्शन करू शकतो. 'व्हेरिफाय-फुल' लिहिले आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची मूळ फाइल दिली, की प्रमाणपत्र आणि त्यावरील सर्व्हरचे नाव दोन्ही तपासले जातात. मायएसक्यूएलमध्ये यालाच समांतर 'व्हेरिफाय_आयडेंटिटी' आहे, आणि सर्व्हरच्या बाजूने 'रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट' चालू केल्यास एन्क्रिप्शनविना नेटवर्कवरून कोणालाच आत येता येत नाही.

पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहिला तर चालेल का?

नाही. तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा प्रोग्रामच्या बाहेरच्या, फक्त त्या युजरला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये ठेवावा आणि ती फाइल गिटमध्ये (प्रोग्रामच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जाणार नाही याची काळजी घ्यावी. पासवर्ड एकदा गिटमध्ये गेला असेल तर पुढच्या कमिटमध्ये तो खोडून भागत नाही, कारण जुन्या नोंदींत तो तसाच राहतो. अशा वेळी पासवर्डच बदलावा.

प्रोग्रामला 'रूट' किंवा 'पोस्टग्रेस' या सर्वाधिकारी खात्याने कधीही जोडू नये. त्याच्यासाठी वेगळे खाते करावे आणि त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर लागतील तेवढेच अधिकार द्यावेत. अहवाल काढणाऱ्या प्रोग्रामला वाचण्याचा अधिकार पुरतो.

अँड्रॉइड ॲप थेट डेटाबेसला जोडू का?

जोडू नये. ॲपमध्ये ठेवलेला पासवर्ड ते ॲप उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर पोहोचतो आणि ॲपची फाइल उलगडून तो काढणे अवघड नाही. मध्ये एपीआय पुरवणारा, म्हणजे ॲपच्या मागण्या घेऊन उत्तरे देणारा, सर्व्हर असावा. डेटाबेसची ओळख फक्त त्यालाच असावी.

जोडणी होते, पण प्रोग्राम फारच मंद झाला आहे. सर्व्हर मोठा घ्यावा का?

आधी अंतर मोजावे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील सर्व्हर सरळ रेषेतही साडेबारा हजार किलोमीटरहून दूर आहे, म्हणजे जाऊन येण्यास कमीत कमी १२५ मिलिसेकंद लागणारच. केबलचे वळसे आणि मधली उपकरणे धरता प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. एका क्वेरीला हे जाणवत नाही. पण प्रोग्राम आधी २०० बिलांची यादी मागवून मग प्रत्येक बिलाच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी पाठवत असेल, तर केवळ वाटेतच २५ सेकंद जातात. डेटाबेस त्याच यंत्रावर होता तेव्हाही ही रचना सदोषच होती. फक्त ती दिसत नव्हती. कितीही मोठा सर्व्हर घेतला तरी हा वेळ घटणार नाही.

उपाय दोन. टेबले जोडून एकाच क्वेरीत सर्व माहिती मागवावी आणि नोंदी घालतानाही एकेक न पाठवता गठ्ठ्याने पाठवाव्यात. दुसरे, डेटाबेस प्रोग्रामच्या जवळ आणावा. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आणि गुगलचे २०१७ पासून सुरू आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील वापरकर्त्यांसाठीचा डेटाबेस अमेरिकेत ठेवण्याचे तांत्रिक कारण क्वचितच उरते.

याशिवाय नवी जोडणी उघडणे हेच खर्चीक काम आहे. टीसीपीची (नेटवर्कवरील मूळ जोडणीची) सुरुवात, एन्क्रिप्शनची बोलणी आणि पासवर्डची देवाणघेवाण मिळून पोस्टग्रेसक्यूएलला पाच-सहा फेऱ्या लागतात; वरच्या अंतरावर पाऊण सेकंद तेथेच संपतो. म्हणून प्रत्येक क्वेरीसाठी जोडणी उघडून बंद करू नये. उघडलेल्या जोडण्या साठवून पुन्हा वापरणारा पूल वापरावा. जवळजवळ प्रत्येक भाषेत तो तयार मिळतो.

पूलमध्ये किती जोडण्या ठेवाव्यात?

वाटते त्याहून कमी. पोस्टग्रेसक्यूएलची 'मॅक्स_कनेक्शन्स' ही मर्यादा मुळात १०० आणि मायएसक्यूएलची १५१ असते. पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवते, त्यामुळे मर्यादा वाढवण्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. प्रोग्रामच्या सहा प्रती चालू असून प्रत्येकीचा पूल २० चा असेल, तर १२० जोडण्या होतात, पोस्टग्रेसक्यूएलची मर्यादा ओलांडली जाते आणि ऐन गर्दीच्या वेळी 'टू मेनी क्लायंट्स' येऊ लागते. छोट्या प्रोग्रामला प्रतीमागे ५ ते १० जोडण्या सहसा पुरतात. प्रती फार असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसक्यूएलच्या जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) बसवावा.

रात्रभर काम नसले की सकाळची पहिली क्वेरी फसते. का?

निष्क्रिय जोडणी वाटेतील एखाद्या राउटरने किंवा फायरवॉलने गुपचूप मोडीत काढलेली असते आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नसतो. अशी उपकरणे काही मिनिटांतच निष्क्रिय जोडणी विसरतात, तर लिनक्स 'टीसीपी कीपअलाइव्ह'ची, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे पाहणारी, पहिली चाचणी मुळात दोन तासांनी पाठवतो. मायएसक्यूएल स्वतःही 'वेट_टाइमआउट'प्रमाणे आठ तासांनी निष्क्रिय जोडणी तोडते. कीपअलाइव्हचा काळ एखाद्या मिनिटावर आणावा, पूलमधील जोडण्यांचे आयुष्य अर्ध्या तासापर्यंत मर्यादित ठेवावे आणि वापरण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे का हे पाहण्याची सोय चालू करावी. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत तिला 'पूल_प्री_पिंग' म्हणतात.

नोंद साठवतानाच नेट गेले. ती साठवली गेली की नाही?

दूरच्या डेटाबेसबाबतचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फारच थोडे जण वेळेवर विचारतात. ट्रान्झॅक्शन (एकत्रच जमा किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) पूर्ण होण्यापूर्वी जोडणी तुटली तर डेटाबेस सर्व बदल मागे घेतो. तेथे काळजी नाही. परंतु प्रोग्रामने 'कमिट' (बदल कायम करा, ही डेटाबेसला आज्ञा) पाठवले आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर 'कमिट' पोहोचलेच नाही की पोहोचून अमलात आले व फक्त उत्तर हरवले, हे प्रोग्रामला त्या क्षणी कळण्याचा मार्ग नसतो. आंधळेपणाने पुन्हा पाठवले तर एकाच ग्राहकाच्या नावे दोनदा रक्कम जमा होऊ शकते. न पाठवले तर एकदाही होणार नाही.

यावरचा भरवशाचा मार्ग असा: प्रत्येक व्यवहाराला प्रोग्रामनेच, पहिल्यांदा पाठवण्याआधी, एक एकमेव क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ यूयूआयडी, आणि टेबलातील त्या रकान्यावर 'युनिक' (एकच मूल्य दोनदा नको असे) बंधन घालावे. मग तोच व्यवहार त्याच क्रमांकाने कितीही वेळा पाठवला तरी दुसऱ्या वेळी डेटाबेस त्याला नाकारतो, आणि तो नकार म्हणजेच पहिला व्यवहार जमा झाल्याची पावती ठरते. पैशाचा किंवा मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ही रचना पहिल्या दिवसापासून असावी. नंतर बसवणे फार जड जाते.

सर्व्हरवर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. मजकूर परत मिळेल का?

डेटाबेसमध्येच खरोखर प्रश्नचिन्हे साठली असतील, तर नाही. मूळ अक्षरे रूपांतरात नष्ट झालेली असतात. ओळखू न येणाऱ्या युरोपीय अक्षरांची रांग दिसत असेल, तर मात्र बाइट बहुधा शाबूत असतात आणि रूपांतर उलटे करून मजकूर सोडवता येतो. दोन्हींचे कारण बहुधा एकच: टेबल, डेटाबेस आणि जोडणी यांचे कॅरॅक्टर सेट (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धती) वेगवेगळे असणे. टेबल योग्य असूनही जोडणी 'लॅटिन१' असली तर मजकूर बिघडतो, म्हणून प्रोग्रामच्या जोडणीतही कॅरॅक्टर सेट स्पष्ट लिहावा. मायएसक्यूएलमध्ये सर्वत्र 'यूटीएफ८एमबी४' वापरावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, त्यामुळे ते जुन्या तीन बाइटी 'यूटीएफ८'मध्येही मावते आणि सगळे ठीक आहे असे वाटत राहते; पुढे एखाद्या ग्राहकाने अभिप्रायात ४ बाइटांचा इमोजी टाकला की नोंद अडते.

सर्व्हरवरील वेळ साडेपाच तास मागे दिसते.

सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चालतो आहे, आणि तो तसाच चालू द्यावा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्पटीझेड' प्रकारचा रकाना वापरावा आणि जोडणी उघडताना टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्यावा. दाखवताना वेळ आपोआप भारतीय होईल. साठवलेल्या वेळेत हाताने साडेपाच तास मिळवू नयेत.

इतके करूनही जोडणी होत नसेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला काय कळवावे?

एररचा संपूर्ण मजकूर जसाच्या तसा, तो आला ती वेळ टाइमझोनसह, तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता, ज्याला जोडत होता ते सर्व्हरचे नाव व पोर्ट, डेटाबेसचे व युजरचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, आणि त्याच यंत्रावरून कमांडवरचा क्लायंट जोडला गेला की नाही. वेळ दिलेली असेल तर समोरच्याला डेटाबेसच्या लॉगमधील नेमकी ओळ काढता येते. त्या वेळी लॉगमध्ये तुमची काहीच नोंद नसेल, तर जोडणी डेटाबेसपर्यंत आलेलीच नाही आणि शोध पुन्हा नेटवर्ककडे वळवावा. पासवर्ड मात्र ईमेलमध्ये किंवा स्क्रीनशॉटमध्ये पाठवू नये. तो शोधासाठी कोणालाही लागत नाही.